पाणी मागू, पण निचऱ्यासकट मागू

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आपण पऱ्हाटी-ज्वारीचे कोरडवाहू कास्तकार. आपल्यापुढे उसाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. गोष्ट उसाची असली तरी प्रश्न आपल्या वावराचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दपासून बुलढाणा जिल्ह्यापर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचा जोडकालवा त्यात आहे. पाणी आपल्याला हवेच आहे, तो आपला हक्क आहे. पण ज्यांच्या वावरात आपल्या आधी पाणी पोचले, त्यांच्या जमिनीचे काय झाले, हे पाहून मग पाणी घ्यायचे आहे.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. कालव्याखाली ऊस वाढला आणि १९१० साली हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांना मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींवर अहवाल लिहावा लागला. पंचवीस वर्षे पुरली. म्हणजे काळ्या जमिनीत निचऱ्याविना पाणी सोडले की काय होते, हे सरकारी दप्तराला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तरी पुढे कृष्णा-वारणेच्या काठी, मिरज, वाळवा, शिरोळ तालुक्यांत तेच झाले. पाणी उपसा योजनांनी आले, ऊस वर्षानुवर्षे त्याच वावरात राहिला, पाणी पाटाने मोकळे सोडले गेले. आज तिथे क्षारपड जमिनीचे पट्टेच्या पट्टे आहेत. सातबारावर जमीन तेवढीच, सोसायटीचा बोजाही तेवढाच, पीक मात्र नाही.

हे होते कसे? हिशेब करून पाहू. पाणी गोडे असले तरी त्यात क्षार असतातच. समजा लिटरमागे २०० मिलिग्रॅम. असे पाणी कोणीही आनंदाने पिईल. उसाला वर्षभरात पाटाने ८० इंच पाणी दिले, तर एकरात सुमारे ८२ लाख लिटर पाणी जाते आणि त्याबरोबर सोळाशे किलोंच्या वर क्षार. पन्नास किलोची ३२ पोती! विहिरीचे पाणी मचूळ असेल तर शंभर पोती. पाणी पीक पिते, ऊन उडवते. क्षार जागेवर राहतात. खाली निचरा असेल तर पावसाने धुऊन जातात. निचरा नसेल तर जमिनीतली पाण्याची पातळी वर चढते. ती चार-पाच फुटांवर आली की दिव्यातल्या वातीसारखे खालचे पाणी वर ओढले जाते आणि जमिनीवर पांढरे फूल दिसू लागते.

उसावर याची खूण लवकर उमटते. टिपऱ्यांची उगवण विरळ होते, पानांची टोके करपतात, कांड्या आखूड राहतात. लागणीपेक्षा खोडव्याला मार जास्त बसतो. रसात क्षार येतात, साखरेचा उतारा घटतो आणि गूळ खारट होऊन पावसाळ्यात पाणी सोडतो.

आता आपल्या पिकांकडे या. जमिनीची क्षारता डेसीसायमनमध्ये मोजतात. उसाचे उत्पन्न १.७ च्या पुढे घटू लागते, ज्वारीचे ६.८ च्या पुढे आणि कापसाचे ७.७ च्या पुढे. (हे आकडे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीच्या अर्काचे आहेत. आपल्या प्रयोगशाळा सहसा वेगळ्या रीतीने मोजतात, म्हणून माती-परीक्षणाच्या कागदावरचा आकडा याच्याशी थेट लावू नका.) म्हणजे आपली पिके उसापेक्षा काटक आहेत. पण यावर विसंबू नका. पऱ्हाटी खार सोसते, पण मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. काळ्या जमिनीत पाणी आधी तुंबते, खार मागून येतो.

दुसरा धोका चोपणाचा. सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात. वरून पाणी मुरत नाही, ओली जमीन चिखल होते, वाळली की दगड. हे समजायला सांगलीला जायची गरज नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा पाहा. तिथे विहिरीचे पाणी मुळातच खारे. ते वावराला दिले की जमीन बिघडते. नळगंगा पूर्णेच्याच खोऱ्यातली आहे. अशा काळ्या मातीवर कालव्याचे पाणी नेताना दुप्पट सावध असले पाहिजे.

उपाय आहेत. आधी चर आणि नाले मोकळे करायचे. पाणी फार वर आले असेल तर जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून ते मोठ्या चरात काढायचे. माती चोपण असेल तर परीक्षण करून जिप्सम, त्यावर धैंचा किंवा ताग. नुसत्या खारवट जमिनीला जिप्समची गरज नाही, तिला गोडे पाणी आणि निचरा लागतो. आणि निचरा नसताना टाकलेले जिप्सम म्हणजे वाया गेलेला पैसा. शिरोळला दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पाइपांचा निचरा केला आणि पडीक जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. एकत्र यावेच लागते, कारण माझ्या वावराचे पाणी तुमच्या धुऱ्यावरून नाल्याला जाते. पण आधी बिघडवायचे आणि मग कर्ज काढून सुधारायचे, ही पाळी आपल्यावर का यावी?

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो.

१. कालव्याच्या अंदाजपत्रकातच निचरा चरांचा खर्च धरा. पाणी सुटण्याआधी चर पूर्ण करा.
२. लाभक्षेत्रातल्या प्रत्येक गावाची माती आणि विहिरीचे पाणी तपासून निकाल ग्रामपंचायतीत लावा. मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था इथे नागपुरातच आहे.
३. विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवर्षी मोजा.
४. कालव्याच्या पाझराने जमीन खराब झाली तर भरपाई आणि सुधारणेचा खर्च प्रकल्पाने द्यावा.

आपले काम उद्यापासूनच सुरू होते. प्रत्येक गावाने पाच विहिरी ठरवाव्यात, दोरीला दगड बांधून पाणी किती हातांवर आहे ते वहीत लिहावे. कालवा येईल तेव्हा आजची पातळी सांगणारा कागद आपल्या हाती असला पाहिजे. ती वही पुढच्या बैठकीला सोबत आणा.