नीळ किती घालायची?



पेडगाव म्हटलं की वेड पांघरून जायची म्हण आठवते. त्या म्हणीतलं पेडगाव भीमेच्या काठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं. मी बोलतोय ते आपलं, परभणीहून मनमाडच्या रेल्वेवर लागतं ते. काळ्या जमिनीचं, कापूस-सोयाबीनचं गाव. दिवाळीच्या आगेमागे इथल्या शिवारात पऱ्हाटी फुटते आणि फुटलेल्या बोंडांचे फोटो काढायचा मोह कुणालाही होतो. पण घरी येऊन फोटो पाहावा तर कापूस कधी निळसर दिसतो, कधी पिवळट. रानात तर पांढराशुभ्र पाहिला होता. मग चुकलं कोण?

तिन्हीसांजेला गावात शिरताना एकदा लक्ष देऊन बघा. अजून साधा पिवळा बल्ब असलेलं एखादं घर दिसेल. रस्त्यावरून त्याचं दार नारिंगी दिसतं. आत जाऊन बसा, चहा होईपर्यंत त्याच घराची चुना दिलेली भिंत पांढरी वाटू लागते. बल्ब तोच, भिंतही तीच. डोळा आणि मेंदू मिळून उजेडाचा रंग गुपचूप वजा करतात. आयुष्यभर हे काम चाललेलं असतं, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता नसतो. कॅमेऱ्याला ही सवय नाही. त्याच्यापर्यंत जसा उजेड पोचला तसा तो नोंदवतो. कुठली वस्तू पांढरी धरायची, हे त्याला सांगावं लागतं. या सांगण्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात.

नाव इंग्रजी असलं तरी काम आपल्या घरातलं आहे. धुऊन धुऊन पिवळट पडलेल्या धोतराला आजी शेवटच्या पाण्यात नीळ घालायची. पिवळ्यावर निळ्याचा हलका हात फिरला की धोतर पांढरं दिसायचं. बल्बच्या पिवळ्या उजेडातला फोटो सुधारताना कॅमेरा हेच करतो, निळा भाग वाढवतो. सावलीतल्या निळसर उजेडात उलटं, तिथे तो पिवळेपणा घालतो. नीळ किती घालायची एवढाच प्रश्न असतो, आणि जास्त झाली तर काय होतं हे प्रत्येक घराला माहीत आहे.

हा हिशेब केल्विन या मापात होतो. विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्विन झालेले शास्त्रज्ञ, यांनी 1848 साली तापमानाची नवी मोजपट्टी मांडली, तिला त्यांचं नाव मिळालं. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, भाता जोरात चालला की पिवळं, मग पांढऱ्याकडे झुकतं. त्याहून तापवता आलं असतं तर निळसर झालं असतं. म्हणून आकडा लहान तेव्हा उजेड तांबडा, आकडा मोठा तेव्हा उजेड निळा. पणतीचा उजेड सुमारे 1900 केल्विन, जुन्या बल्बचा 2800च्या आसपास, दुपारच्या उन्हाचा साधारण 5500. आभाळ भरून आलं की 6500, आणि उघड्या निळ्या आकाशाखालची सावली 7000-8000पर्यंत जाते. घरोघरच्या पांढऱ्या एलईडी नळ्यांवरही बऱ्याचदा 6500 छापलेलं असतं.

इथे नवा माणूस हमखास गोंधळतो. कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो निळा व्हायच्या ऐवजी पिवळा होतो! कारण तो आकडा म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याला दिलेली खबर आहे: बाबा रे, इथला उजेड 8000चा आहे, निळा आहे. ते ऐकून तो निळ्यावर पिवळा उतारा देतो. एवढं एक ध्यानात आलं की पुढचं सोपं जातं. कॅमेऱ्यावरची सूर्य, ढग, सावलीतलं घर, बल्ब, नळी ही चित्रं म्हणजे अशाच तयार खबरी. फोनच्या प्रो मोडमध्येही डब्ल्यूबी नावाची पट्टी असते.

‘पण ऑटो असतो की,’ असं तुम्ही म्हणाल. असतो, आणि पुष्कळदा बरोबरही असतो. ऑटोची साधी रीत अशी, की चित्रातले सगळे रंग एकत्र कालवले तर राखाडी व्हायला हवेत असं तो धरून चालतो. आता हळदीचा कार्यक्रम घ्या. नवरीचे गाल पिवळे, साडी पिवळी, करवल्या पिवळ्या, मागे झेंडूच्या माळा. ऑटोला वाटतं, उजेडच पिवळा आहे. तो नीळ ओततो. माझ्याकडून एका लग्नात हे झालं. नवरीच्या आईने फोटो हातात घेऊन विचारलं, ‘दादा, हळद लागली होती ना हिला?’ त्या माउलीला मी उत्तर देऊ शकलो नाही. त्या दिवसापासून हळदीला मी ऑटो लावत नाही.

मांडवाचं कापड हा आणखी एक घात. लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेलं ऊन सगळ्यांना लाल करतं. अशा ठिकाणी तयार खबर पुरत नाही, आपली आपण द्यावी लागते. ज्या उजेडात माणूस उभा आहे त्याच उजेडात एक करडं कार्ड धरायचं, ग्रे कार्ड म्हणतात त्याला, त्याचा फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याच्या कस्टम किंवा प्रीसेट सोयीतून सांगायचं, याला रंग नाही असं धर. पांढरं धोतर का नको? त्यात नीळ आहे. निळसर वस्तूला कॅमेऱ्याने पांढरं मानलं तर तो निळा काढत बसेल आणि चेहरे पिवळे पडतील. कापसाचं बोंड का नको? कापूस मुळात दुधी असतो. त्याचा हा पिवळेपणा यंत्राने मोजतात, पावसात सापडून कवडी झालेल्या मालाचा भाव त्यावरच पडतो.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. हल्ली शेतकरी रोगट पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि सल्ला विचारतात. 1972 पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे, जाणकार माणसं जवळ आहेत. पण त्यांच्यापर्यंत पान पोचत नाही, पानाचा रंग पोचतो. कपाशीवर लाल्या आला का, मॅग्नेशियम कमी पडलं का, सोयाबीनवर पिवळा मोझॅक आहे का, यातलं बरंच रंगावर ठरतं. दिवसभराची कामं उरकून सूर्य टेकल्यावर फोटो काढला, तर त्या तांबड्या उजेडात हिरवं पानही लालसर दिसेल. हिरव्या शेडनेटखाली काढला तर पिवळं पान हिरवट दिसेल आणि रोग झाकला जाईल. अशा फोटोवरून फवारणी झाली तर औषध, मजुरी, पाणी, सगळं वाया.

म्हणून पान तोडून मोकळ्या सावलीत आणा, झाडाखाली नको, तिथे पानांतून हिरवा उजेड गळतो. वहीचा कोरा कागद खाली ठेवा, पान त्यावर. मोजमापाला कागद काटेकोर नाही, पण बघणाऱ्याला तो आधार देतो: कागद पिवळा दिसला तर पानाच्या पिवळेपणातून तेवढा वजा करायचा, हे त्याला कळतं. आणि फोनमधलं हिरवळ अधिक हिरवी करणारं सजावटीचं सेटिंग आधी बंद करा. आजारी पिकाला पावडर लावून डॉक्टरकडे न्यायचं नसतं.

दोन गोष्टी घाईत सांगतो. माळवदाच्या घरात झरोक्यातून दिवसाचा उजेड आणि आत बल्ब असे दोन उजेड असतील, तर एक बंद करा. दोघांना एका निळीत बसवता येत नाही. आणि कॅमेऱ्यात रॉ फाइलची सोय असेल तर ती वापरा. रॉ म्हणजे धुतलेलं पण अजून नीळ न घातलेलं कापड, घरी बसून हवी तेवढी घालता येते. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये नीळ आधीच बसलेली असते, ती निघते, पण डाग ठेवून.

उद्या एक करून बघा. फुटलेलं बोंड देठासकट घरी आणा. सेटिंग सूर्याच्या चित्रावर ठेवा, दिवसभर हलवू नका. कोवळ्या उन्हात एक फोटो, दुपारी एक, ओसरीच्या सावलीत एक, नळीच्या उजेडात एक, आणि रात्री पणतीशेजारी एक. पाच फोटो ओळीने लावा. एकाच बोंडाचे पाच कापूस दिसतील. मग एकेका उजेडात परत जाऊन जुळतं चित्र निवडा आणि कापूस पांढरा करा. पणतीचा फोटो तेवढा राहू द्या. त्याला पांढरं केलं की पणती विझल्यासारखी दिसते.