दमलेल्या माणसाचे पुस्तक



या व्यासपीठावरून दरवर्षी मोठमोठ्या विषयांची चर्चा होते. आमच्यासारख्या युनियनच्या कार्यकर्त्याला बोलावले, म्हणजे तो पगारवाढ, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे आपण गृहीत धरले असेल. पण आज आम्ही निराळाच विषय घेतला आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री अंथरुणावर पडल्यावर कोणते पुस्तक हाती घ्यावे, एवढाच तो विषय. ऐकून कोणाला हसू येईल. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. पण हा विषय कामगार चळवळीच्या बाहेरचा नाही, एवढे मात्र आधीच सांगितले पाहिजे.

१८१७ साली रॉबर्ट ओवेन याने दिवसाचे तीन सारखे वाटे केले : आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती. त्या मागणीसाठी देशोदेशीच्या कामगारांनी पुढे किती सोसले, ते आपण जाणताच. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. या सर्व लढ्यांतून पैशाबरोबर आणखी एक वस्तू कामगाराच्या हाती आली, ती म्हणजे वेळ. पैशाचा हिशेब आम्ही मंडळी पैपर्यंत मांडतो. वेळेचा हिशेब मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून त्या वेळेतल्या शेवटच्या अर्ध्या तासाविषयी आज बोलावे म्हणतो.

आमचे स्वतःचे शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे जे काही झाले, ते युनियनच्या कचेरीतल्या एका पत्र्याच्या कपाटातून. त्या कपाटाची किल्ली गेली कित्येक वर्षे आमच्याकडे आहे. कोणते पुस्तक बाहेर गेले, कोणते चार महिने हललेच नाही, कोणत्या पुस्तकाच्या कोपऱ्यांना तेलाचे डाग पडले, हे आम्ही पाहत आलो. जाडजूड वैचारिक ग्रंथ बहुतेक करून कोऱ्याचे कोरेच परत येतात. याचा अर्थ आमच्या माणसांना बुद्धी नाही, असा कोणी काढू नये. सभेच्या दिवशी हीच माणसे करारातले एकेक कलम वकिलासारखे उलटसुलट तपासतात. पण आठ तास यंत्रापुढे उभे राहायचे, वर तासभर गाडीत लोंबकळायचे, आणि मग रात्री दहा वाजता ग्रंथातले सिद्धान्त पचवायचे, हे पट्टीच्या विद्वानालाही साधणार नाही. रातपाळीवाल्याची झोपेची वेळ तर सकाळी नऊची. खिडकीला चादर बांधून तो पडतो, आणि बाहेर पोरे खेळत असतात. कामावरून येऊन पुन्हा चुलीपुढे उभी राहणारी बाई घरात सगळ्यांच्या शेवटी आडवी होते. या माणसांच्या हाती त्या घटकेला काय द्यावे?

आमच्या कपाटातून एका फिटरने एकच पुस्तक चौथ्यांदा मागितले. शेजारी बसलेला एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “अहो दादा, हे तर तुम्ही वाचलेलं आहे. नवं काही घ्या की!” त्यावर तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, “दिवसभर नवीनच चाललेलं असतं बाबा. रात्रीला ओळखीचं माणूस बरं.” या विषयावर याहून नेमके बोलणे आमच्या ऐकण्यात नाही.

एकदा वाचलेले पुस्तक पुन्हा वाचणे म्हणजे आळस, अशी एक समजूत शिकलेल्या मंडळींत आहे. ही समजूत आपल्या मातीतली नव्हे. आपल्याकडे पारायण नावाची गोष्ट शतकानुशतके चालत आली आहे. चातुर्मासात देवळात किंवा कोणाच्या ओसरीवर श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप लागायचा, हरिविजय लागायचा. ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला शेवट ठाऊक असे. पांडव जिंकणार, यात कोणालाही शंका नसे. तरी शेतातून दमून आलेली माणसे कंदिलाच्या उजेडात दाटीवाटीने बसत, आणि भीमाच्या नावाबरोबर सावरून बसत. शेवट ठाऊक असतो, म्हणूनच मनाला विसावा मिळतो. नव्या पुस्तकात नावे लक्षात ठेवावी लागतात, नाती जुळवावी लागतात, पुढे काय होईल याचा घोर लागतो. जुन्या पुस्तकात हे काही करावे लागत नाही. डोळा लागला, पान हरवले, तरी काही बिघडत नाही.

आता निवड कशी करावी? आमचे ठोकताळे अगदी साधे आहेत. पुस्तक हाताला हलके असावे. छातीवर पडले तर झोप मोडू नये! अक्षर मोठे असावे. प्रकरणे आटोपशीर असावीत, म्हणजे एक संपवून दिवा मालवता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लिहिणाऱ्याला माणसांविषयी माया असावी. दिवसभर ज्याने मुकादमाची बोलणी खाल्ली, त्याला रात्री कुत्सित लेखकाची संगत नको असते.

या कसोटीला उतरलेली तीन पुस्तके सांगतो. पहिले साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले. त्याची प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना एकेक आठवण सांगतो, आणि तेवढ्यावर उठतो. म्हणजे झोपण्यापूर्वी एक याप्रमाणे हे पुस्तक मुळातच बेतलेले आहे. यात रडू फार आहे, असा आक्षेप घेतात. रडू आहे, हे खरे. पण दिवसभर दातावर दात धरून राहिलेल्या माणसाला रात्री दोन टिपे गाळायला जागा मिळाली, तर त्याचे ओझे हलकेच होते.

दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. तोच नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला, आणि ही बाई काही वर्षे एकटी पडली. तिच्या वाट्याला जे आले, त्यातल्या निम्म्याने एखादे माणूस मोडून गेले असते. पण सांगताना ती हसत सांगते, आणि पुष्कळदा स्वतःलाच हसते. पाच ओळींत एक प्रसंग उभा करते आणि पुढे जाते. आमच्या वसाहतीतल्या बाया हे पुस्तक एकीने वाचायचे आणि चौघींनी ऐकायचे, अशा रीतीने वाचतात. एकीचा आवाज थकला की दुसरी घेते.

तिसरे व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’, १९५५ सालचे. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, आणि हळूहळू वाडीचा होतो. वाडीचे लोक मिळून तालीम उभी करतात, तो भाग आमच्या युनियनच्या माणसांना विशेष आवडतो, हे सांगायला नको. शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते. तरीही पुस्तक मिटताना मन कडू होत नाही. तिथली माणसे भेटल्याचे समाधान उरते.

या तिन्ही पुस्तकांत दुःख आहे, हे आपल्या ध्यानात आले असेल. दिलासा म्हणजे दुःख झाकून ठेवणे, असा अर्थ आम्ही करीत नाही. खोटे गोड बोलणारे पुस्तक कष्टकऱ्याला दोन पानांत ओळखू येते. आपल्यासारखेच सोसलेले कोणी जवळ बसून निवांतपणे बोलते आहे, असे वाटले की त्याचा जीव शांत होतो.

आमचेच काही सहकारी यावर रागावतात. ते म्हणतात, “ही झोपेची गोळी झाली. कामगाराला जागे करायचे सोडून तुम्ही त्याला निजवता!” त्यांची कळकळ खरी आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. जागे करणारी पुस्तके आमच्या कपाटात आहेतच. अण्णा भाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ आहे, नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ आहे. पण सुर्व्यांची कविता आम्ही रविवारी सकाळी, चार जण बसून वाचतो. ती झोप उडवते, आणि तेच तिचे काम आहे. ज्याची रात्रीची झोप नीट झाली, तोच रविवारी सकाळी तिला सामोरा जाऊ शकतो. अपुऱ्या झोपेने यंत्रावर बोटे जातात, हे आम्ही इस्पितळाच्या दारात उभे राहून पाहिले आहे. माणूस निजला पाहिजे, ही चळवळीचीच मागणी आहे.

उलट भीती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. आज प्रत्येकाच्या उशाशी मोबाईल असतो. त्याला शेवटचे पान नाही, आणि ‘आता पुरे, नीज’ असे तो कधी म्हणत नाही. आठ तासांसाठी आपल्या आजोबांनी हरताळ केले, उपासमार सोसली. त्यातला शेवटचा अर्धा तास आपण न मागता कोणाच्या तरी धंद्याला देऊन टाकतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. ज्याला बारा तासांची पाळी आहे, त्याला आम्ही पुस्तकाचा उपदेश करणार नाही. तो उशीला डोके टेकताच झोपतो, आणि त्याला झोपू द्यावे. त्याच्यासाठी आधी पाळीचे तास कमी झाले पाहिजेत, त्याच्या खोलीत वाचण्यापुरता उजेड पाहिजे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालविली. दमलेल्या माणसालाही अक्षराची भूक असते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आपण शहरातली सुशिक्षित मंडळी आहात. आपल्या घरी वाचून झालेली, आपण मनापासून जपलेली पुस्तके असतील. त्यांतले एखादे, कोपरे झिजलेले असले तरी चालेल, आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना, सोसायटीच्या पहारेकऱ्याला वाचायला द्या. देताना उपदेश करू नका. “आम्ही हे पुन्हा पुन्हा वाचतो,” एवढेच सांगा. आणि परत करण्याची घाई करू नका म्हणावे.