घोडें उसनें देतांना

(सायखेडा येथील सभेंत केलेलें भाषण)



बैलाविषयीं आणि कांद्याच्या भावाविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. घोड्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं, कारण तें आतां थोड्याच दारीं उरलें आहे. टांगे गेले, तट्टावरून बाजार करणारे गेले. पण ज्याच्या दारीं घोडें आहे त्याची चूल पुष्कळदां त्यावरच पेटते. लग्नसराईंत नवरदेवाला घोडी पुरविणाऱ्याला विचारा. मेंढरांमागें हिंडतांना सारें बिऱ्हाड तट्टाच्या पाठीवर घालणाऱ्या धनगर भावाला विचारा. येवल्याच्या मंगळवारच्या बाजारांत किंवा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेंत जाऊन गेलेल्या जनावराच्या जागीं दुसरें उभें करणें सोपें आहे काय?

असें जनावर आपण उसनें कसें देतों पहा. शेजारी दारीं येतो, "दादा, पोराची वरात आहे, दोन तास घोडी द्या," म्हणतो आणि आपण लगाम त्याच्या हातीं देऊन मोकळे होतों. वर कोण बसणार, कोठवर नेणार, केव्हां आणणार, कांहीं विचारीत नाहीं. विचारलें तर त्याला काय वाटेल, ही आपली भीड. मागणारा गांवचा बडा माणूस असला तर त्या भिडेचें भय होतें. पूर्वीं अंमलदार आला कीं गाड्या आणि तट्टें वेठीस धरीत. वेठबिगार राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें बंद झाली, पण मनांतली वेठ कोणत्या कलमानें जाणार? बड्या माणसाला "नाहीं" म्हणवत नसेल तर निदान "केव्हां आणाल?" एवढें तरी विचारावें, असें आमचें म्हणणें आहे.

परक्या हातीं घोड्याचें काय होतें तें आधीं ऐका. घोड्याला ओकतां येत नाहीं. पोटांत गेलेलें वाईट अन्न बाहेर टाकण्याची सोय देवानें त्याला दिली नाहीं. वऱ्हाडी मंडळी प्रेमानें बुंदी घालतात, उरलेल्या पोळ्या घालतात, कोणी घमेलेंभर दाणा पुढें ठेवतो. नेहमींची चंदी एकाएकीं बदलली कीं पोटशूळ उठतो, जनावर लोळूं लागतें आणि कधीं सकाळ पाहत नाहीं. हें कोणी वैरानें करीत नाहीं, लाडानेंच करतात. खोगीर कसें घालावें हें न जाणणाऱ्यानें तें आवळलें तर पाठ लागते आणि जखम भरेपर्यंत घोडें दाव्याला उभें राहतें. त्याच्या चाऱ्याचा खर्च मात्र थांबत नाहीं. त्यांत हल्लीं वरातीपुढें डीजेच्या भिंती उभ्या करतात आणि पायांखालीं फटाक्यांची माळ लावतात. बुजलेलें घोडें गर्दींत शिरलें तर पोरें चिरडतील.

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाहीं. ग्लँडर्स नांवाचा रोग एका तोबऱ्यांतून, एका हौदांतून पसरतो. २००६ सालीं तो महाराष्ट्रांत निघाला होता. तपासणींत तो ठरला तर जनावर मारावेंच लागतें, आणि तो माणसालाहि होतो. म्हणून घोडें दिलें तरी तोबरा आणि पाण्याची बादली आपलीच द्यावी.

आतां कायदा. १८७२ चा कराराचा कायदा अजून चालू आहे. त्यांत वस्तु दुसऱ्याच्या हवालीं करण्याविषयीं एक प्रकरण आहे, आणि गंमत अशी कीं कायदा करणाऱ्यानें तेथें समजावून सांगतांना वारंवार घोड्याचेंच उदाहरण घेतलें आहे. घोडें खोडकर आहे हें ठाऊक असून तुम्ही सांगितलें नाहीं, तें उधळलें आणि नेणारा पडून जखमी झाला, तर भरपाई तुमच्यावर. फुकट दिलें होतें, ही सबब चालत नाहीं. उलट, केवळ त्याच्या बसण्याकरितां दिलें असतां त्यानें घरांतल्या दुसऱ्याला वर बसविलें आणि घोडें ठेंचकाळून जायबंदी झालें, तर बसणारानें कितीहि जपलें असलें तरी भरपाई नेणाऱ्यावर. एका गांवीं जातों म्हणून नेलें आणि दुसऱ्याच वाटेला घातलें, तरी तसेंच. पण तुम्ही अट बोलून दाखविलीच नसेल तर कोर्टांत काय सांगणार?

या गांवाला पूर ठाऊक आहे. २०१६ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत गोदेचें पाणी घरांत शिरलें. समजा, तुमचें घोडें शेजाऱ्याच्या वाड्यांत आहे आणि रात्रीं पाणी चढलें. शहाणा माणूस आपल्या जनावराची जशी काळजी घेतो तशी त्यानें घेतली असेल, तर घोडें वाहून गेलें तरी नुकसान तुमचें. निराळा ठराव असेल तरच त्याचें. पण तें कालच परत आणायचें ठरलें होतें आणि त्याच्या हयगयीनें राहिलें, तर मुदत टळल्या क्षणापासून जबाबदारी त्याची. एका तारखेवर एवढें अवलंबून आहे, आणि आपण तारीखच बोलत नाहीं! फुकट दिलेलें घोडें मुदतीआधींहि मागतां येतें. मात्र त्यामुळें नेणाऱ्याला झालेल्या लाभाहून त्याचें नुकसान अधिक झालें तर तें द्यावें लागतें. म्हणून निम्म्या वरातींत लगाम ओढूं नये. आणखी एक. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. त्याप्रमाणें दुसऱ्यानें छळ केला तरी मालकानें योग्य देखरेख ठेवली नसेल तर मालकहि गुन्हेगार धरला जातो. शर्यतीकरितां घोडें मागणाऱ्याला देतांना हें विसरूं नका.

शिलेदाराचें घोडें स्वतःचें असे, आणि एकाहून अधिक घोडीं असलीं तर तो त्यांवर बारगीर बसवी. बारगीर म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावरचा स्वार. घोडें मेलें कीं शिलेदाराचें भांडवल बुडे. पुढें इंग्रजांच्या शिलेदारी रिसाल्यांत स्वारांकडून वर्गणी कापून चंदा नांवाचा फंड ठेवीत, आणि घोडें गेलें तर त्यांतून मदत होई. पहिल्या महायुद्धानंतर ती पद्धत मोडली. आज सरकारी योजनेंत पशुविमा आहे, त्यांत घोडें, खेंचर, गाढवहि घेतात. २०२४ पासून हप्त्यांतला मालकाचा वांटा १५ टक्के केला आहे. विमा उतरवा, पण कागद वाचून घ्या. कंपनीला न कळवितां लिहिल्याहून वेगळ्या कामाला जनावर लावलें तर पैसे नाकारले जाऊं शकतात, आणि कानांतला बिल्ला हरवला तर दावाच अडतो.

आम्ही चिठ्ठीचा एक नमुना लिहून आणला आहे, तो वाचतों. "माझें अमुक रंगाचें घोडें, खोगीर, लगाम व तोबरा यांसह, वरातीकरितां, अमुक ठिकाणापर्यंत दिलें. एकटा नवरदेव बसेल. फटाक्यांना बुजतें, हें सांगितलें आहे. पुढें धरणारा माणूस माझा, दाणा माझा. अमुक तारखेला दिवेलागणीपूर्वीं माझ्या दारीं आणून बांधावें. हयगयीनें दगावलें किंवा जायबंदी झालें तर अमुक रुपये द्यावे." खालीं दोघांच्या सह्या किंवा आंगठे, आणि एक साक्षीदार. पुराची ओळ घालावी कीं नाहीं, हें दोघांनीं बसून ठरवावें. शेजाऱ्याला वाचतां येत नसेल तर चिठ्ठी त्याच्याच शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून मोठ्यानें वाचवून घ्यावी, आणि मग लगाम हातीं द्यावा.