दुर्बीण धुणारे हात

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारा कला शाखेचा पदवीधर आहे. तरीही आज दवाखान्यातील एका कामाविषयी बोलणार आहे. कारण आपली अनेक मुले-मुली नर्सिंग व तंत्रज्ञ अभ्यासक्रमांकडे वळत आहेत.

पोटाची तपासणी करण्याची दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोप, ही एक लांब लवचिक नळी असते. तिच्या आत आणखी बारीक नळ्या असतात. त्यांतून पाणी, हवा व चिमटे जातात. ती महाग असते आणि तिला वाफेची तीव्र उष्णता सोसत नाही. म्हणून तीच दुर्बीण धुऊन, जंतुनाशकात ठेवून पुढच्या रुग्णाला वापरतात. पहिल्याचे जंतू दुसऱ्याच्या पोटात जाणार की नाही, हे त्या धुण्यावर ठरते.

पुष्कळांना वाटते, कडक जंतुनाशक ओतले की काम झाले. हा गैरसमज आहे. ग्लुटारल्डिहाइडसारख्या रसायनाने न घासलेला मळ उलट घट्ट चिकटतो आणि त्याच्या आडोशाला जंतू जगतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. दुर्बीण बाहेर काढताक्षणी पुसावी, मळ सुकू देऊ नये. नंतर ती कोठे गळते का ते पाहावे. मग प्रत्येक नळी ब्रशने घासावी. त्यानंतरच ठरलेल्या वेळेपर्यंत जंतुनाशक, पुन्हा स्वच्छ पाणी, आणि शेवटी आतपर्यंत पूर्ण वाळवणे. ओल राहिली तर उरलेले जंतू रातोरात वाढतात.

बंधू-भगिनींनो, ही भीती काल्पनिक नाही. 2012 साली नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या मोठ्या रुग्णालयात पित्तनलिकेच्या दुर्बिणीमुळे औषधांना दाद न देणारे जिवाणू 22 रुग्णांपर्यंत पोहोचले. 2015 साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात 7 जणांना असाच संसर्ग झाल्याचे उघड झाले आणि त्यांपैकी दोघे दगावले. 179 जणांना संसर्गाची शक्यता कळवावी लागली. या दुर्बिणीच्या टोकाला एक हलणारी पट्टी असते. तिच्या मागच्या फटीत ब्रश नीट पोहोचत नाही. म्हणजे दोष केवळ धुणाऱ्याचा नव्हता, घडणीचाही होता. पुढे 2019 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, ज्यांच्या टोकाचा भाग वापरून टाकून देता येतो अशा दुर्बिणींकडे वळण्याचा सल्ला रुग्णालयांना दिला.

आमच्या बँकेत दिवसअखेर एका रुपयाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत हिशेब मिटत नाही. दुर्बिणीतला फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तेथेही नोंदवही हवी : दुर्बिणीचा क्रमांक, रुग्णाचे नाव, वेळ आणि धुणाऱ्याची सही. एखाद्याला संसर्ग झालाच, तर त्याच दुर्बिणीने आणखी कोणाची तपासणी झाली, हे त्या वहीतूनच कळते.

आता मुख्य मुद्दा. धुण्या-घासण्याचे काम हलके आणि ते करणारा माणूसही हलका, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. रुग्णालयातही हे काम पुष्कळदा कमी पगाराच्या, प्रशिक्षण न मिळालेल्या माणसावर टाकले जाते आणि बाहेर रांग असल्याने त्याला घाई केली जाते. वास्तविक शस्त्रक्रियेइतकीच एकाग्रता या कामाला लागते. त्या माणसाला शिक्षण, पुरेसा वेळ, हातमोजे, चष्मा आणि हवेशीर खोली मिळालीच पाहिजे. कारण त्या रसायनाच्या वाफेने डोळे व श्वासनलिका चुरचुरतात.

ही माहिती ऐकून कोणी आवश्यक तपासणी टाळू नये. नीट निगा राखली तर असा संसर्ग क्वचितच होतो आणि तपासणी टाळल्याने आजार मात्र बळावतो. फक्त नम्रपणे विचारावे, “दुर्बीण कशी स्वच्छ करता? नोंद ठेवता का?” तो रुग्णाचा हक्क आहे.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती तो ब्रश येईल. कोणी पाहत नसतानाही शेवटची नळी पूर्ण घासा. ज्या रुग्णाला तुमचे नावही ठाऊक नाही, त्याचा जीव त्या घासण्यावर अवलंबून असतो.