मोजलेला अभंग आणि म्हटलेला अभंग



अक्षरे मोजू लागले की कविता मरते, अशी तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकतो. आम्ही स्वतः कित्येक वर्षे मोजीत आलो आहोत. चुकलोही आहोत; ती हकीकत पुढे येईलच.

मोठा अभंग घ्या. पहिल्या तीन चरणांत ६-६ अक्षरे, चौथ्यात ४. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी. म्हणजे यमक कडव्याच्या अखेरीस नाही, मध्येच आहे! दुसरा चरण कानाला वचन देतो, तिसरा ते पाळतो. कानाचे समाधान झाले न झाले तोच तो आखूड, जोड नसलेला तुकडा येतो. जिथे २ अक्षरे कमी पडतात तिथेच आपण थांबतो, आणि थांबलो म्हणूनच ते शब्द मनात रुततात. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीतली ओवीही याच घराण्यातली: तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि सुटा.

आता आमची चूक. विद्यार्थिदशेत आम्ही गाथ्यातल्या ५ आणि ७ अक्षरांच्या चरणांखाली तांबड्या शाईने ‘छंदोभंग’ असे लिहून ठेवले होते. ती वही मोठ्या दिमाखाने आमच्या आळीतल्या एका वृद्ध वारकरीबुवांना वाचून दाखविली. बुवांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी टाळ घेतला आणि तेच चरण म्हटले. ५ अक्षरांत एक लांबले, ७ अक्षरांत दोन एकमेकांना बिलगली. मग विचारले, “बाळ, हे मोडलंय कुठं?”

उत्तर पुढे माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’त सापडले. वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग त्यांनी निराळे केले. भुजंगप्रयातात १२ अक्षरांचे लघुगुरू ठरलेले. एक हलले की चरण लंगडतो. छंदात तो भेद मानीत नाहीत, म्हणून जिभेला मोकळीक असते. आम्ही वृत्ताची फूटपट्टी छंदाला लावली होती.

ध्रुपदाचेही तसेच. छापताना ‘ध्रु’ अशी खूण एकदाच पडते आणि डोळा पुढे सरकतो. म्हणताना मात्र ते प्रत्येक कडव्यामागून परत येते. आरंभी ती नुसती एक ओळ असते. चौथ्या कडव्यानंतर तीच ओळ मागच्या साऱ्या गाऱ्हाण्याचे उत्तर होते, आणि शब्द तर एकही बदललेला नसतो.

त्या संध्याकाळी बुवांनी ध्रुपद ६ वेळा म्हटले. आमच्या वहीत ते एकदाच होते.