लायसन्स त्याचं, दंड तिचा

(मलकापूर, ता. कराड येथे बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपलं मलकापूर महामार्गावरचं गाव. ढेबेवाडी फाट्यावर जरा वेळ उभं राहा; ट्रक, टेम्पो, जीप चालवणारे कितीतरी जण आपल्याच घरातले दिसतील. दारू पिऊन गाडी चालवल्याने अपघात होतात, हे मी तुम्हाला नव्याने सांगायला नको. मला बोलायचं आहे ते माणूस पकडला गेल्यावर, शिक्षा झाल्यावर घरात काय होतं त्याबद्दल.

कायदा आधी सांगते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गुन्हा. पूर्वी पहिल्या वेळचा दंड दोन हजारांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो दहा हजार झाला, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर पंधरा हजार, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय लायसन्स तीन महिने बंद, दुसऱ्या वेळी रद्द. आणि ते परत मिळण्याआधी वाहनचालकाने उजळणी प्रशिक्षण पुरं करायचं, अशीही तरतूद त्याच दुरुस्तीत आहे.

दंड वाढला तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. मग एक टेम्पोवाल्याची बायको माझ्याकडे आली. दहा हजार तिने गटातून कर्ज काढून भरले होते. हप्ता तीच फेडत होती. टेम्पो बंद, नवरा दिवसभर घरी. ती म्हणाली, "ताई, आधी रात्रीची मारायचा, आता दुपारचीही पाळी आली." तीन महिने त्याचं लायसन्स बंद होतं, पण शिक्षा कोण भोगत होतं?

यावर आपल्याच बैठकीत दोन तट पडले होते. एक मावशी म्हणाल्या, कायमचं काढून घ्या, रस्त्यावरचं कुणाचं तरी लेकरू वाचेल. दुसरी म्हणाली, मग माझ्या लेकरांनी खायचं काय? मला दोघींचंही पटलं, आणि अजूनही पटतं.

अमेरिकेत काही राज्यांत यावर मधला मार्ग आहे. कॅलिफोर्नियात पहिल्या गुन्ह्यानंतर साधारण तीन महिन्यांच्या, तीस तासांच्या वर्गात नाव घातलं, की कामावर जाण्यायेण्यापुरतं आणि कामापुरतं मर्यादित लायसन्स मिळू शकतं. काही ठिकाणी गाडीला यंत्र बसवतात. त्यात फुंकर मारून दारू नाही असं दिसलं तरच गाडी सुरू होते. ऐकायला छान. पण आपल्याकडे ज्याचं कामच गाडी चालवणं, त्याला "फक्त कामापुरतं" म्हणजे पुन्हा महामार्गच मोकळा. आपल्या कायद्यात विशिष्ट प्रकारच्या वाहनांपुरती बंदी घालता येते. कामाच्या वेळेपुरती परवानगी, अशी सोय नाही. ती मागायची असेल तर यंत्रासकट मागावी लागेल, आणि यंत्राचा खर्च बायकोच्या कर्जातून निघणार नाही हेही आधी ठरवावं लागेल.

आता त्या प्रशिक्षणाचं. गाडी चालवायची उजळणी! अहो, गाडी त्याला उत्तम येते. वीस वर्षं चालवतोय. येत नाही ते बाटली खाली ठेवणं. पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, म्हणून देश खवळला. त्याच आदेशात दारू सोडण्यासाठी समुपदेशन घ्यायचीही अट होती. ती मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाही. खरं तर कामाची होती ती, फक्त निबंधाच्या जोडीने आणि इतक्या घाईने यायला नको होती.

नवा कायदा येईपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. परिवीक्षा कायदा १९५८ चा आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे न्यायालय योग्य वाटल्यास गुन्हेगाराला चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडून परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं, आणि अटींमध्ये नशापाण्यापासून दूर राहण्याची अट घालू शकतं. शिकताना मी हे कलम परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तेव्हा वाटलं नव्हतं की ते एखाद्या घराच्या चुलीशी जोडलेलं असेल. हा मार्ग धरला तर पैसा दंडात जाण्याऐवजी माणूस उपचाराला जाऊ शकतो.

आणि उपचार म्हणजे फक्त त्याचे नव्हेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. तिथे पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. तिथे बाई स्वतःबद्दल बोलते, नवऱ्याची तक्रार घेऊन आलेली म्हणून नव्हे.

आपली मागणी मग अशी. उजळणीच्या वर्गात दारूच्या व्यसनाची तपासणी आणि समुपदेशन हवंच. लायसन्स परत देण्यापूर्वी घरातल्या बाईला वेगळं, नवऱ्यासमोर नाही, विचारलं पाहिजे, आणि तिने काय सांगितलं ते त्याला कळता कामा नये. मारहाण असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, हे तिला तिथेच सांगायचं. "तुझ्यामुळे माझं लायसन्स अडलं" म्हणून मार खाणारी बाई मला नको आहे.

कराडच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा इथे ठेवला आहे. वाचा, आणि तिला वेगळं विचारण्याचा भाग अपुरा वाटला तर तुमच्या शब्दांत वाढवा.