मानेचे दुखणे आणि व्यायाम
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला निवृत्त शाळामास्तर आहे. तथापि चिटणिसांचा आग्रह पडला, म्हणून मजवर गुदरलेला प्रसंग आपणांपुढे मांडतो.

निवृत्तीनंतर माझी मान आखडू लागली. व्यायामाने सारे मोकळे होते, ही माझी जन्माची श्रद्धा. तेव्हा पहाटे उठून जोर, मान गरगर फिरविणे व वर शीर्षासन असा क्रम आरंभिला. करताना बरे वाटे. परंतु सायंकाळी उजव्या हातास मुंग्या येत आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नसे. मी समजलो, व्यायाम कमी पडतो आहे, म्हणून तो वाढविला! दोन महिन्यांत सदऱ्याची गुंडी लावता येईना, ज्या अक्षराचा मला थोडा गर्व होता ते वाकडे येऊ लागले, पाय अडखळू लागले. अखेर मुलाने बळेच डॉक्टरांकडे नेले.

मानेत मणके 7. जिराफाच्या मानेतही तितकेच, हे मी वर्गात हौसेने सांगत असे. स्वतःच्या सातांचा विचार मात्र कधी केला नाही. मणक्यांमधील चकत्या वयपरत्वे सुकतात, कडांस हाडाचे कंगोरे फुटतात आणि मज्जारज्जूची वाट अरुंद होते. अशा मानेस ताण दिला वा डोक्यावर भार घेतला की दाब पडतो. त्रास पुष्कळदा काही तासांनी जाणवतो. स्नायूंचा साधा ठणका दोन-चार दिवसांत ओसरतो. परंतु बधिरपणा, हातातून वस्तू गळणे, चाल बिघडणे, लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसताच एक दिवसही थांबू नये. मालिशवाल्याकडून मान कडकन् मोडून तर मुळीच घेऊ नये. माझी शस्त्रक्रिया झाली. चाल सुधारली, बोटांचा बधिरपणा राहिला. आता शिकविल्याप्रमाणे तळहात कपाळास लावून, मान न हलविता, हलका जोर देतो. एवढाच माझा व्यायाम.

मजजवळ निदान पेन्शन तरी होते. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणीस जाणाऱ्या भगिनी उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढतात, तेही दिवसातून कितीदा! माझी एक जुनी विद्यार्थिनी मागे म्हणाली होती, "गुरुजी, रात्री हाताला मुंग्या येतात, झोप लागत नाही." मी तिला तेल चोळावयास सांगितले. त्याची आज लाज वाटते.

गेल्या महिन्यात तिला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखविले. डोक्यावर ओझे घेणे बंद, असे डॉक्टरांनी बजावले आहे. परंतु नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेऊन झालेली, ती घरावर खर्चही झाली. तिने यंदा जाऊ नये असे वाटत असेल, तर ती उचल फेडण्याचा प्रश्न मंडळाने आजच्याच बैठकीत घ्यावा. माझ्या एका महिन्याच्या पेन्शनची रक्कम मी चिटणिसांकडे दिली आहे.